क्या कहता? : सर टॉमस रो यांच्या मोगल दरबारातल्या फजितीचा एक प्रकरण अभ्यास

१८ नोव्हेंबर १६१५. बुऱ्हाणपुरात जहांगीर बादशहाचा मुलगा शहजादा परवेझ याचा दरबार भरला आहे. वर उंचावर, छताखाली, गालिच्यांवर शहजादा. खाली कठड्याच्या आत दोन्ही बाजूंना सरदार हात जोडून उभे. त्यांच्यासमोर चौतिशीतला एक इंग्रज येऊन थांबतो. कोतवालाने त्याला आधीच सांगून ठेवलंय, की जमिनीला डोकं टेकून मुजरा करायचा. इंग्रज म्हणतो, मी राजाचा वकील आहे, कुणाचा नोकर नाही. मी आमच्या रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार करीन. तसा तो करतो. मग म्हणतो, मला वर येऊ द्या. उत्तर येतं, इराणचा शहा किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी त्याला वर घेणार नाही. बरं, मग निदान खुर्ची द्या. त्यावर सांगतात की इथे आजवर कुणीही बसलेलं नाही. शेवटी मध्यम मार्ग निघतो. छताला आधार देणारा चांदीने मढवलेला एक खांब असतो, त्याला टेकून उभं राहिलात तर चालेल.

खांबाला टेकून त्याने बुऱ्हाणपुरात इंग्रजांची वखार घालायची परवानगी मागितली आणि ती मिळालीही. शहजादा खुशीत होता. मी आतल्या दालनात जातो, तुम्हाला तिथे बोलावून घेतो, तिथे एवढं अंतर राखायची गरज नाही, असा त्याने निरोप दिला. इंग्रज वाट बघत थांबला. बराच वेळ गेला. आलेल्या नजराण्यात बाटल्यांची एक पेटी होती, ती शहजाद्याने जाता जाताच उघडली होती. तो इतका झिंगला की भेट राहूनच गेली. म्हणजे ज्या भेटीसाठी नजराणा आणला, ती भेट नजराण्यानेच बुडवली. त्याच रात्री इंग्रजाला ताप भरला आणि पुढचे कित्येक दिवस तो बुऱ्हाणपुरातच पडून राहिला.

हा इंग्रज म्हणजे सर टॉमस रो. मी जळगावला निर्यातीचा धंदा शिकणाऱ्या मुलांना शिकवतो, आणि परदेशी व्यापारी आपल्याकडे येतो तेव्हा नेमकं काय बिनसतं हे सांगायचं झालं की दरवर्षी याचंच प्रकरण फळ्यावर घेतो. एक कारण अगदी घरचं आहे. सुरतहून बुऱ्हाणपूरला जाणारा तेव्हाचा हमरस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा आमच्या खानदेशातून जायचा. दुसरं कारण मोठं आहे. रोने रोजनिशी लिहिली आणि तिच्यात स्वतःची फजिती लपवली नाही. कुठे अडलो, कुणी हसलं, कुठे अंधारात चाचपडलो, सगळं त्याने तारखेवार लिहून ठेवलं. त्यासाठी मला हा माणूस मनापासून आवडतो.

आता प्रकरणाची पार्श्वभूमी. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० सालच्या अखेरच्या दिवशी सनद मिळाली. १६०८ मध्ये तिचा विल्यम हॉकिन्स सुरतेला उतरला आणि पुढच्या वर्षी आग्र्याला पोचला. हॉकिन्सला तुर्की भाषा येत होती आणि जहांगीरलाही. दोघांना मध्ये दुभाषी लागत नव्हता. बादशहा त्याला रोज बोलावून घ्यायचा, गप्पा मारायचा. त्याने हॉकिन्सला चारशेची मनसब, म्हणजे दरबारी हुद्दा, दिली, एका आर्मेनियन ख्रिस्ती मुलीशी त्याचं लग्नही लावून दिलं. पण पोर्तुगीजांचा दबाव आणि दरबारातली तेढ यांमुळे व्यापाराची कायमची परवानगी काही निघाली नाही, आणि १६११ मध्ये तो परत गेला.

यातून कंपनीने काय धडा घ्यायला हवा होता? मी मुलांना इथे थांबवून विचारतो. बहुतेक जण म्हणतात, तुर्की येणारा दुसरा माणूस पाठवायचा. कंपनीचा निष्कर्ष वेगळाच निघाला. व्यापाऱ्याला दरबारात मान नाही, तेव्हा खानदानी माणूस पाठवा, राजाचं पत्र द्या, थाट वाढवा. नेमणूक राजा पहिला जेम्सची आणि खर्च कंपनीचा, असं ठरलं. रोला वर्षाला ६०० पौंड पगार बांधून दिला. तो पार्लमेंटात बसलेला होता, दक्षिण अमेरिकेत गयानाची मोहीम करून आला होता, बोलायला-चालायला रुबाबदार होता. तुर्की मात्र त्याला येत नव्हती आणि फारसीही.

सप्टेंबर १६१५ मध्ये चार जहाजांचा ताफा सुरतेजवळ सुवालीच्या खाडीत लागला. २६ तारखेला तोफांच्या सलामीत आणि कर्ण्यांच्या आवाजात रो किनाऱ्यावर उतरला. सुरतेचे अधिकारी तंबूत गालिच्यावर बसले होते. रो अलीकडेच थांबला आणि निरोप पाठवला की तुम्ही उभे राहिल्याशिवाय मी पुढे येणार नाही. ते उठून उभे राहिले. पहिला डाव त्याने जिंकला, आणि तो जिंकल्यामुळेच पुढची गडबड झाली असं मला वाटतं. कारण यानंतर प्रत्येक दारात तो हाच डाव खेळत राहिला.

लगेच पुढे जकातीचा प्रश्न आला. सुरतेत उतरणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हायची. खिसे चाचपले जायचे. रो म्हणाला, राजाच्या वकिलाच्या माणसांना हात लावायचा नाही. पण सुरतकरांनी ‘वकील’ हा शब्द याआधी इतक्यांच्या तोंडून ऐकला होता की ते ऐकूनच त्यांना हसू आलं. आधीचे कंपनीचे गुमास्तेही आपली वट वाढवायला स्वतःला राजाचे वकील म्हणवून गेले होते. नाव एकदा स्वस्त झालं की मागून येणाऱ्या खऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. झटापट झाली. रोने पिस्तुलांची जोडी मागवून घोड्याच्या खोगिराला अडकवली आणि म्हणाला, आता हेच माझे मित्र, यांच्यावरच माझा भरवसा. यात सुरतेचे जकातदार चुकले असं मला वाटत नाही. त्यांची नोकरीच ती होती.

याच मुक्कामातला एक प्रसंग रोचा पाद्री एडवर्ड टेरी याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. हा टेरी पुढच्या वर्षी आला, पण गोष्ट त्याने रोच्या माणसांकडून ऐकली असणार. रोबरोबर एक इंग्रज स्वयंपाकी होता. सुरतेत एका आर्मेनियन ख्रिस्त्याकडे दारू मिळते हे त्याने पहिल्याच दिवसांत शोधून काढलं. पिऊन, कमरेला तलवार लावून तो झोकांड्या खात घराकडे निघाला. समोरून सुभेदाराचा भाऊ आपल्या माणसांसह घरी चालला होता. स्वयंपाकी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि इंग्रजीत ओरडला, आता बघतो तुला, काफिर कुत्र्या! सुभेदाराच्या भावाला इंग्रजी कुठून येणार? त्याने अगदी सभ्यपणे विचारलं, ‘क्या कहता?’ टेरीने हे शब्द जसे कानावर आले तसे, वेड्यावाकड्या रोमन अक्षरांत उतरवले आहेत. वाचताना आपल्याला ते झटकन ओळखू येतात आणि चारशे वर्षांपूर्वीच्या सुरतेतल्या रस्त्यावरचा आवाज कानाशी येतो. स्वयंपाक्याने उत्तरादाखल तलवार उपसली. लोकांनी त्याला धरून कोठडीत टाकलं. रोने निरोप धाडला की असल्या माणसाला पाठीशी घालायला मी आलेलो नाही, तुम्हाला योग्य वाटेल ती शिक्षा करा. सुभेदाराच्या भावाने त्याला कसलीही इजा न करता परत पाठवून दिलं. टेरीने यावर वाचकांना विचारलं आहे की या दोघांत काफिर कोण ठरला. पाद्र्याने हे लिहावं याचं मला कौतुक वाटतं.

‘क्या कहता?’ या दोन शब्दांना मी या प्रकरणाची किल्ली मानतो. रोच्या सगळ्या मुक्कामात हाच प्रश्न कायम अनुत्तरित राहिला.

ताप अंगात घेऊन, पालखीत निजून रो २३ डिसेंबरला अजमेरला पोचला. जहांगीरचा मुक्काम तेव्हा तिथे होता. १० जानेवारी १६१६ ला पहिली भेट झाली. रोने आपल्या देशाच्या रिवाजाने वाकायची परवानगी आधीच मिळवली होती. जहांगीरने त्याचं फार छान स्वागत केलं, तब्येतीची चौकशी केली, आपले हकीम पाठवतो म्हणाला. मग नजराणे पुढे आले. त्यांत मुख्य होती एक इंग्लिश घोडागाडी. बरोबर तिचा कोचमनही आणला होता. व्हर्जिनल नावाचं पट्ट्यांचं वाद्य होतं, आणि ते वाजवणारा माणूससुद्धा होता. बादशहाने गाडी बघितली, आत बसून ओढवूनही घेतली. पण रात्री दरबारातल्या जेझुइट पाद्र्याला त्याने विचारलं, हा इंग्लंडचा राजा खरंच मोठा राजा आहे का? मग त्याने एवढ्या किरकोळ किमतीच्या वस्तू का धाडल्या? मला वाटलं होतं जवाहीर येईल.

गाडीचं पुढे काय झालं ते टेरीने बारकाईने सांगितलं आहे. गाडीला आतून लाल मखमल लावली होती, आणि ती होती चिनी. चीनहून युरोपात गेलेली मखमल समुद्र ओलांडून परत आशियात नजराणा म्हणून आली होती. जहांगीरने ती सगळी उचकटून काढायला लावली. तिच्या जागी रुपेरी जमिनीवर रंगीत रेशमी फुलं विणलेलं कापड बसवलं. पितळी खिळे काढून चांदीचे मारले. शिवाय आपल्या कारागिरांकडून त्या गाडीबरहुकूम दुसरी गाडी बनवून घेतली. नोव्हेंबर १६१६ मध्ये बादशहाची स्वारी अजमेरहून निघाली तेव्हा नव्या गाडीत तो स्वतः बसला, आणि नव्याने सजवलेली मूळ गाडी नूरजहांला दिली होती. पुढे जरीच्या झगमगाटात तो इंग्रज कोचमन. ज्यांना पैठणी ठाऊक आहे, कापडाची जमीन कशी असते आणि पदर कसा असतो हे ज्यांच्या हाताला कळतं, अशा कुणालाही हे मुळीच नवल वाटणार नाही. इंग्लंड ज्या देशात बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, विकायला निघालं होतं, त्या देशाची नजर कापडाच्या बाबतीत फार तयार होती. माल नेण्याआधी गिऱ्हाइकाचं घर बघावं, ते कंपनीने केलं नव्हतं.

आता भाषेकडे येतो, कारण माझ्या मते दुखणं तिथे होतं. रोच्या आणि बादशहाच्या मध्ये नेहमी कुणीतरी उभा असायचा. कधी देशी दलाल, कधी दरबारात वावरणारा एखादा इटालियन. दलाल बादशहाला रुचेल तेवढंच बोलायचे. तिखट वाक्य पुढे न्यायची त्यांची छाती नव्हती. आणि का असावी? रो रागावून तीन वर्षांनी जहाजात बसून निघून जाणार, दलालाला मात्र त्याच गावात राहायचं होतं. जेम्स राजाच्या पत्रात जेम्सचं नाव आधी आणि मोगल बादशहाचं नंतर होतं. दुभाषी म्हणाले, भाषांतरात हा क्रम उलटा करू. रोने ते होऊ दिलं नाही. त्याच्या लक्षात आलेली ही एक गोष्ट. लक्षात न आलेल्या किती असतील याचा विचार केला की मला त्याची कीव येते. एकदा तर भर दरबारात इटालियनामार्फत तो सुरतेच्या जुलमाची तक्रार सांगत होता, आणि नूरजहांचा भाऊ असफखान मागून डोळ्यांनी खुणावत होता की पुरे, थांबा. सुरत तेव्हा शहजादा खुर्रमच्या ताब्यात होती, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या. असफखान हा त्याचा सासरा. रो तक्रार करत होता ती जावयाची, आणि तिची वाट जात होती सासऱ्याच्या दारातून.

तरीही जहांगीरला रो आवडला होता, हे रोजनिशीच्या पानापानावर दिसतं. २ सप्टेंबर १६१६ ची रात्र घ्या. बादशहाचा वाढदिवस होता. त्या दिवशी त्याची सोन्या-चांदीने तुला व्हायची. ती बघायला रोला बोलावणं धाडलं होतं, पण निरोप्याने घोळ घातला आणि रोचा तो सोहळा हुकला. रात्री दहाच्या सुमारास तो अंथरुणात शिरला होता, तेवढ्यात हाक आली. तुमच्याकडे एक चित्र आहे म्हणे, आम्हाला अजून दाखवलं नाही, घेऊन या. रो उठला, कपडे चढवले, चित्र घेऊन गेला. आत बादशहा मांडी घालून बसलेला, अंगभर हिरे-मोती-माणकं, भोवती सरदार, सुरया आणि पेले. चित्राची बोलाचाली झाल्यावर जहांगीरने सोन्याचा एक पेला त्याच्यापुढे पाठवला. झाकणासह, तबकासह, सगळीकडे माणकं आणि पिरोजे जडवलेले, रोच्या मोजणीने सुमारे २००० खडे. पेल्यात मद्य होतं. हे प्यायलात तर पेलाही तुमचा.

रोने घोट घेतला. असलं कडक मद्य त्याने जन्मात चाखलं नव्हतं. त्याला जोरात शिंक आली. भर मैफलीत, बादशहासमोर, राजाच्या वकिलाला! जहांगीर खळखळून हसला आणि लगेच बेदाणे, बदाम आणि लिंबाच्या चकत्या पाठवून दिल्या. या हसण्यात कुचेष्टा नाही. जेवताना पाहुण्याला ठसका लागला की घरचा माणूस हसत हसत पाण्याचा तांब्या पुढे करतो, तसं ते आहे. सगळ्या मुक्कामात दुभाष्याची गरज पडली नाही असा बहुधा हा एकच क्षण.

मग बादशहाने खालच्या लोकांवर नवे कोरे रुपये उधळले, आणि वरच्या मानकऱ्यांत सोन्या-चांदीचे पोकळ बदाम. मोठमोठे सरदार गुडघ्यांवर येऊन ते वेचायला धावले. रो जागचा हलला नाही. शहजादाही वेचत नाही हे त्याने हेरलं होतं. हळूहळू सगळी मैफल झिंगली. शहजादा, असफखान, दोन म्हातारे, कंदाहारचा जुना राजा आणि रो एवढेच शुद्धीवर राहिले. शेवटी जहांगीरने मान टाकली आणि तो झोपला. त्याबरोबर सगळे उठले. इंग्लंडच्या राजाचा वकील जडावाचा पेला घेऊन बाहेर पडला.

मुलं या ठिकाणी खूप हसतात. मीही हसतो. मग मी त्यांना विचारतो, त्या रात्री रोने कराराचा मसुदा बरोबर नेला असता तर? नेला नव्हता. 

जानेवारी १६१७ मधला प्रसंग याहून मोठा आहे. बादशहाची छावणी मांडूच्या दिशेने चालली होती आणि रो तिच्या मागे मागे धूळ खात होता. आदल्या हंगामाच्या जहाजांनी नवे नजराणे आणले होते. ते खुर्रमने अडकवून ठेवले, आणि तिथून बादशहाने परस्पर आपल्याकडे मागवून घेतले. रो पोचेपर्यंत खोकी उघडलेली होती. त्यांत बादशहासाठी आणलेल्या वस्तू होत्या, दुसऱ्यांना द्यायच्या होत्या आणि काही रोच्या खाजगीसुद्धा. रोला संताप आला. जहांगीर मात्र लहान मुलासारखा समजूत घालायला लागला. रागावू नका, म्हणाला. भरतकामाच्या उशा, घडीचा आरसा, न्हाव्याची पेटी आणि ते कुत्रे एवढं मला आवडलं म्हणून ठेवलं. नको म्हणणार नाही ना? टोप्यांचा विषय निघाला तर म्हणाला, त्या जनान्यातल्या बायकांना आवडल्या. रो काय बोलणार? दिल्या, म्हणाला. वर बादशहाने इंग्लिश घोडा मागितला. समुद्रातून जिवंत पोचणार नाही, असं रोने सांगितलं. त्यावर उत्तर मिळालं, सहा पाठवा, एखादा जगेल. रोडका आला तरी मी त्याला पोसून धष्टपुष्ट करीन.

सगळं गोडीत चाललं होतं, आणि मग खोक्यातून एक चित्र निघालं. व्हीनस देवी एका शिंगवाल्या, काळसर कातडीच्या सॅटरला, म्हणजे ग्रीक पुराणातल्या अर्ध्या माणसाला-अर्ध्या बोकडाला, नाकाला धरून चालवते आहे. जहांगीरने शिंगांकडे बोट दाखवलं, कातडीकडे दाखवलं आणि विचारलं, याचा अर्थ काय? रोने सांगितलं, ही चित्रकाराची कल्पना आहे, अर्थ मला माहीत नाही. पण बादशहाच्या मनात संशय राहिला की गोऱ्या बाईने नाकाला धरलेला हा काळा माणूस म्हणजे आम्हीच तर नाही? चित्र मात्र त्याने ठेवून घेतलं. रोने हे लंडनला मुद्दाम कळवलं, की पुढे जे पाठवाल त्याचा कुणी वाईट अर्थ काढणार नाही याची काळजी घ्या. मला यात जहांगीरची नजर महत्त्वाची वाटते. हा माणूस चित्र वाचत होता. आदल्या ऑगस्टमध्ये त्याने रोच्याच एका चित्राच्या पाच नकला आपल्या चितार्‍याकडून करवून घेतल्या, आणि सहाही चित्रं मेणबत्तीच्या उजेडात पुढे मांडून विचारलं, तुमचं कोणतं? रोला आपलं चित्र ओळखायला कष्ट पडले. बादशहाला कोण आनंद झाला!

कुत्र्यांचं सांगायचं राहिलं. मॅस्टिफ जातीचे ते दोन दांडगे कुत्रे प्रवासातून जिवंत पोचले होते. टेरी म्हणतो, जहांगीरने प्रत्येकाच्या दिमतीला चार माणसं दिली. कुत्रे पालखीतून हिंडायचे, माश्या वारायला बाजूला माणूस. त्यांना बादशहाला आपल्या हाताने भरवता यावं म्हणून चांदीचे चिमटे घडवले. कंपनीने पाठवलेल्या सगळ्या मालात हाच माल खऱ्या अर्थाने खपला.

आता दुसरा इंग्रज, ज्याच्यासाठी मी हे प्रकरण शिकवतो असं म्हटलं तरी चालेल. टॉम कोर्याट. हा कंपनीचा नव्हता, राजाचाही नव्हता. अलेप्पोपासून मोगल दरबारापर्यंत पायी आला. दहा महिन्यांत खर्च तीन पौंड, असं त्याने स्वतः लिहिलंय. अजमेरला इंग्रजांच्या बिऱ्हाडी राहून त्याने फारसी शिकली, हिंदुस्थानी शिकली. रोच्या घरी कपडे धुणारी एक परटीण होती. तिची जीभ इतकी तिखट की सकाळी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तिचं तोंड चालूच असायचं. एके दिवशी कोर्याट तिच्याशी तिच्याच भाषेत भांडायला उभा राहिला. टेरी सांगतो, आठ वाजेपर्यंत त्याने तिला अशी गप्प केली की तिला एक शब्द बोलायला उरला नाही.

आणि मग एक दिवस, रोला पत्ता लागू न देता, कोर्याट जहांगीरच्या झरोक्याखाली जाऊन उभा राहिला आणि त्याने पाठ केलेलं फारसी भाषण म्हटलं. मी गरीब प्रवासी आहे, दुरून आलो आहे, आपले हत्ती बघायचे होते, समरकंदला तैमूरची कबर बघायची आहे. त्याच्या गाठीला तेव्हा जेमतेम वीस शिलिंग उरले होते. बादशहाने वरून १०० रुपये बांधून खाली सोडले. रो भयंकर चिडला. राजाचा वकील इथे मानासाठी झगडतोय, आणि त्याच राजाचा माणूस झरोक्याखाली भीक मागतो, याने देशाची अब्रू गेली! कोर्याटने त्याला असं ठणकावून उत्तर दिलं की तो वाद तिथेच थांबला. कोर्याटला मागायचं ते त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं. कठडा, दलाल, इटालियन, असफखान, यांतलं मध्ये कुणीही नव्हतं. डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेला तो हगवणीने आजारी असताना व्यापाऱ्यांनी विलायती दारू आणलीय हे त्याच्या कानावर गेलं, ती त्याने हट्टाने मागून घेतली, आणि त्यातच तो गेला. त्याला सुरतेजवळ पुरलं.

रोच्या हाती शेवटी काय लागलं? अठरा-एकोणीस कलमांचा करार त्याने लिहून नेला होता, तो कधीच झाला नाही. मोगल बादशहा कुणाशी बरोबरीने करार करत नसे. तो फर्मान देई, आणि फर्मान बदलूही शके. १६१८ मध्ये रोने खुर्रमकडून सुरतेच्या व्यापाराचं फर्मान मिळवलं, ते मात्र उपयोगी पडलं. त्याआधी असफखानाशी सूर जुळला होता, आणि तो जुळला एका मोत्याने. ज्या मोत्यावर असफखानाचा डोळा होता तो रोने त्याला खरेदीच्या भावात दिला, आणि दीड वर्ष बंद असलेलं दार उघडलं. स्वतःच्या कामाबद्दल त्याने कंपनीला जे कळवलं ते वाचून मी दर वेळी थबकतो. वकील पाठवू नका, असं त्याने लिहिलं. माझ्यावर होतो त्याच्या निम्म्या पैशांत सगळा दरबार तुमच्या बाजूचा करता येईल, आणि साधा माणूस माझ्यापेक्षा चांगलं काम करील. शिवाय गढ्या-किल्ल्यांच्या आणि लढायांच्या नादी लागू नका, नफा हवा तर शांतपणे व्यापार करा. सहाशे पौंडांच्या नोकरीत बसून त्या नोकरीचीच गरज नाही असं मालकाला सांगायला मन फार मोठं लागतं.

१७ फेब्रुवारी १६१९ ला तो सुवालीहून निघाला.

जहांगीरनेही आत्मचरित्र लिहिलं आहे, आणि तो विलक्षण बारकाईने लिहिणारा माणूस होता. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून त्याला एक टर्की पक्षी आणून दिला. त्याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा क्षणाक्षणाला कसा पालटतो, हे जहांगीरने अपूर्वाईने वर्णन करून ठेवलं, त्याचं चित्रही काढवून घेतलं. सर टॉमस रो याचं नाव त्या ग्रंथात कुठेच नाही.